पीएम-किसानची गावयादी संशोधनाला किती पुरते?

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, आणि विषय ठरतोय ‘शेतकऱ्यांना मिळणारे शासकीय अनुदान व पारदर्शकता’. असे सिनॉप्सिस माझ्याकडे वाचायला येतात तेव्हा ‘माहितीचे स्रोत’ या मथळ्याखाली पहिली ओळ बहुतेक वेळा एकच असते: पीएम-किसान पोर्टलवरील लाभार्थी यादी. कारण समजण्यासारखं आहे. यादी फुकट आहे, सरकारी आहे, घरबसल्या मिळते आणि गावागावांतली नावं तिच्यात आहेत. मग पारदर्शकता म्हणजे अजून वेगळं काय असतं, असं कुणालाही वाटेल.

एरवी आपण इथे शोधनिबंधांचं परीक्षण करतो. आज एका यादीचं करू. मी विज्ञान शाखेतून आले. तिकडची एक सवय अशी की उपकरण कॅलिब्रेट केल्याशिवाय त्याचं वाचन वहीत लिहायचं नाही. यादी हेही एक उपकरणच. ते काय मोजतं आणि काय मोजत नाही, हे आधी बघायचं. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते: ही यादी पारदर्शकतेचा पुरावा म्हणून वापरू नका. शेतकऱ्याचं नाव तिच्यात जगजाहीर होतं, पण त्याला पैसे द्यायचे की थांबवायचे हा निर्णय कसा झाला, याचा एक शब्दही तिच्यात नाही. आणि आपला प्रश्न तर तोच असतो.

उदाहरणाला एक गाव घेऊ, घाटघर. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या डोक्यावर, जीवधन किल्ल्याच्या शेजारी. धो धो पाऊस, खाचरांत भात, उतारावर नाचणी-वरई, रानात हिरडा. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. टोमॅटो आणि द्राक्षांचा जो जुन्नर तालुका बाजारात ओळखला जातो, तो इथून बराच पूर्वेला. पोर्टलवर राज्य, जिल्हा, तालुका, ब्लॉक, गाव असे एकेक रकाने निवडत गेलात की यादी उघडते. तिच्यात अनुक्रमांक, शेतकऱ्याचं नाव आणि लिंग. बस्स.

पहिला खड्डा तर गाव निवडतानाच आहे. घाटघर नावाची दोन गावं आहेत. दुसरं अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला. तिथला २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प प्रसिद्ध आहे, त्यामुळे नेटवर शोधलंत तर बऱ्याचदा तेच आधी समोर येतं. दोन्ही गावं सह्याद्रीच्या कड्यावर, दोन्हीकडे भात, दोन्हीकडे आदिवासी वस्ती. म्हणजे चुकून एका घाटघरची जनगणना आणि दुसऱ्या घाटघरची यादी जोडली गेली, तरी आकडे बघून कुणाला शंका येणार नाही. तुमच्या गाइडलाही नाही. म्हणून गावं कधीही नावाने जोडू नका, रोमन स्पेलिंगने तर मुळीच नाही. जनगणनेचा ग्रामक्रमांक किंवा सरकारी निर्देशिकेतला एलजीडी कोड हाच धागा ठेवा. एका गावाला हे क्षुल्लक वाटेल, पण तीनशे गावांच्या एक्सेलमध्ये अशी दहा-बारा घाटघरं लपलेली असतात.

कोणता पैसा?

गावात ‘अनुदान आलं का?’ असं विचारलं जातं तेव्हा त्यात काहीही बसतं. संशोधनात ते चालत नाही, आणि माझ्या पाहण्यातले निम्मे सिनॉप्सिस इथेच ढिले पडतात.

पीएम-किसान हे खरं तर पिकाचं अनुदानच नाही. वर्षाला ६००० रुपये, २००० च्या तीन हप्त्यांत, जमीनधारक शेतकरी कुटुंबाला. तुम्ही भात लावा नाहीतर शेत पडीक ठेवा, रक्कम तीच. योजना सुरू झाली २४ फेब्रुवारी २०१९ रोजी, पण लागू धरली १ डिसेंबर २०१८ पासून. आधी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती होती, त्याच वर्षी ती मर्यादा काढली. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून त्यात राज्याचे आणखी ६००० घातले.

पीक विमा हा वेगळा पैसा. तो करार आहे. राज्यात खरीप २०२३ पासून शेतकऱ्याने एक रुपया भरायचा आणि त्याच्या हिश्श्याचा बाकीचा हप्ता सरकार भरणार अशी सोय होती. बोगस अर्जांच्या तक्रारी वाढल्या आणि खरीप २०२५ पासून ती बंद झाली. आता खरिपाच्या अन्नधान्य पिकांना विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याने भरायचा. अतिवृष्टीची मदत हा तिसरा पैसा. तिथे पंचनामा लागतो आणि नुकसान किमान ३३ टक्के असावं लागतं. भाताचा बोनस चौथा, तो त्या त्या वर्षीच्या शासन निर्णयावर. अवजारं आणि ठिबकचं अनुदान महाडीबीटीवरच्या अर्जावर.

हे एवढं का सांगतेय? कारण प्रत्येक ठिकाणी ‘पारदर्शकता’ या शब्दाचा अर्थ बदलतो. विम्याचंच बघा. भातासारख्या पिकाचा विमा क्षेत्र हे एकक धरून चालतो, महाराष्ट्रात बहुधा महसूल मंडळ. मंडळात पीक कापणी प्रयोग होतात, त्यातून सरासरी उत्पन्न काढतात, आणि ते उंबरठा उत्पन्नापेक्षा जितकं कमी तितक्या प्रमाणात मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई. कड्यावरच्या गावात वादळाने भात झोपला आणि खालच्या गावांत चांगला आला, तर सरासरीत कड्यावरचं नुकसान विरून जातं. अशा वेळी विमा मिळालेल्यांची नावं हजार ठिकाणी टांगली तरी शेतकऱ्याला काहीच कळत नाही. त्याला हवे असतात ते कापणी प्रयोगांचे आकडे: कोणत्या गावात, कोणत्या गटात, कोणत्या तारखेला, किती किलो. खात्यावर रक्कम येते, त्यामागचं गणित येत नाही.

तेव्हा आधी पैसा निवडा, मग पारदर्शकतेचा प्रश्न लिहा. मी पुढे पीएम-किसानपुरतंच बोलते.

यादीला भागायचं कशाने?

आता तुमच्यातला हुशार विद्यार्थी म्हणेल, यादीतली नावं मोजू, जनगणनेतल्या कुटुंबसंख्येने भागू, गावाची टक्केवारी निघेल. ५० गावांची काढू, जुन्नरचा पश्चिम भाग विरुद्ध पूर्व भाग अशी तुलना करू. कागदावर फार सुंदर दिसतं. पण अंशातलं आणि छेदातलं एकक एकच आहे का?

पीएम-किसानचं ‘कुटुंब’ म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. पात्रता मात्र ठरते जमिनीच्या नोंदीवर, आणि नोंद असते खात्यावर, म्हणजे आठ-अ वर. जनगणनेतलं कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. ही तीन वेगळी एककं झाली. समजा आजोबांच्या नावावर दीड एकर खाचर होतं. आजोबा वारले, वारसनोंद झाली, चार मुलांची नावं सामायिक सातबाऱ्यावर चढली. चौघांची लग्नं झालेली, दोघं एकाच घरात राहतात, एक कल्याणला नोकरी शोधायला गेलेला. योजनेच्या लेखी कुटुंबं चार, आठ-अ एक, जनगणनेत गावातली घरं दोन. शेजारच्या घरातही अगदी हेच घडलं, फक्त वारसनोंद कुणी केलीच नाही, सातबाऱ्यावर अजून मयत आजोबाच आहेत. तिथे लाभार्थी शून्य. जमीन तेवढीच, गरज तेवढीच. वारसाहक्काची अडचण बाजूला ठेवली तरी जमीनधारणेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरलेली आहे. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर नवा लाभ नाही.

म्हणजे तुम्ही काढलेली टक्केवारी शंभराच्या वर जाऊ शकते आणि वीसवरही येऊ शकते. दोन्ही वेळा ती मुख्यत्वे एकच गोष्ट सांगत असेल: त्या गावातल्या फेरफार नोंदी किती अद्ययावत आहेत. हा विषय वाईट नाही. उलट सह्याद्रीच्या पट्ट्यात सामायिक खाती इतकी आहेत की त्यावर स्वतंत्र प्रबंध होईल. पण मग शीर्षकात ‘पारदर्शकता’ लिहू नका.

लिंगाच्या रकान्याचंही तसंच. तो दिसला की ‘महिला शेतकऱ्यांचं प्रमाण’ काढायचा मोह होतो. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं असेल तर यादीत नवराच येणार, लावणी कुणीही करो. त्या रकान्यातून जमिनीची मालकी कळते, शेतीचं काम कोण करतं हे नाही. वाटेकरी आणि शेतमजूर तर या योजनेच्या कक्षेतच नाहीत. त्यांची गैरहजेरी ही यादीतली चूक नव्हे, तो धोरणाचा भाग आहे, आणि टीका करायची तर धोरणावर करावी.

जाता जाता एक गोष्ट. घाटघरच्या हद्दीत आलातच तर नाणेघाटातली लेणी बघा. तिथल्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांच्या दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले ते आकड्यांसकट कोरलेलं आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांमध्ये त्या आकड्यांची गणना होते, त्यामुळे गणिताच्या इतिहासात हा लेख वारंवार येतो. लेख बराच फुटलाय, पण जेवढा वाचता येतो त्यात देणाऱ्याचं नाव आहे, रक्कम आहे, कारण आहे. घेणाऱ्यांची नावं नाहीत. आपली यादी बरोबर उलटी: घेणाऱ्यांची नावं, बाकी काही नाही. राणीला स्वतःचा मोठेपणा सांगायचा होता, पारदर्शकता नव्हे, हे मान्य. तरीही कोणता रकाना भरला आणि कोणता रिकामा सोडला यावरून दस्तऐवज कुणासाठी केला हे ओळखायची सवय इथे उपयोगी पडते.

गळलेली माणसं

यादीत नसलेली माणसं हा या सगळ्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा.

पुढचे आकडे सरकारनेच जाहीर केलेले आहेत. ३१ मे २०२२ ला अकरावा हप्ता सुटला: १० कोटींहून अधिक शेतकरी, २१ हजार कोटींहून अधिक रुपये. १७ ऑक्टोबर २०२२ ला बारावा: १६ हजार कोटी. याला २००० ने भागा, ८ कोटी. साडेचार महिन्यांत दोन कोटींच्या आसपास घट. मधल्या काळात ई-केवायसी सक्तीची झाली आणि जमिनीच्या नोंदी पोर्टलशी जोडायचं काम, ज्याला ‘लँड सीडिंग’ म्हणतात, तेही लागू झालं. त्यानंतर ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिममधून अठरावा हप्ता दिला तेव्हा संख्या सुमारे ९ कोटी ४० लाख होती.

थोडं थांबून या बेरजेकडे संशयाने बघा. अठराव्या हप्त्याची जाहीर रक्कम २० हजार कोटी होती. ९ कोटी ४० लाख गुणिले २००० म्हणजे १८,८०० कोटी. जुळत नाही. आधीचे अडकलेले हप्तेही नव्या हप्त्याबरोबर सुटतात, त्यामुळे रकमेला २००० ने भागून मिळतात ते हप्ते, माणसं नाहीत. म्हणजे वर मी काढलेले ८ कोटी हाही कच्चा अंदाज. वर्तमानपत्रातला आकडा प्रबंधात घालताना एवढी झटापट तरी करावीच लागते.

पण आकडा कच्चा असला तरी प्रश्न पक्का आहे. दरम्यानच्या घटीतले किती लोक खरोखर अपात्र होते, आणि किती पात्र असून ई-केवायसीत, आधार-बँक जोडणीत किंवा जमिनीच्या नोंदीत अडकले? सगळेच बोगस होते म्हणायचं तर संख्या पुन्हा दीड कोटीच्या आसपास वाढली कशी? सगळेच पात्र होते म्हणायचं तर आयकर भरणारे कुठे गेले? एकूण आकड्यांवरून या दोन्ही बाजू सारख्याच जोरात मांडता येतात, आणि तशा मांडल्याही गेल्या. गावयादी इथे काहीच मदत करत नाही, कारण ज्याचा हप्ता थांबला त्याचं नाव फार तर यादीतून जातं. जाण्याचं कारण मागे राहत नाही.

अपात्रांचं काय? जानेवारी २०२१ मध्ये माहिती अधिकारातून आलेल्या उत्तराच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील: २० लाख ४८ हजार अपात्रांना १,३६४ कोटी रुपये गेले. माणशी साधारण ६,६६० रुपये, म्हणजे तीनहून थोडे अधिक हप्ते. त्यातले ५५ टक्क्यांहून अधिक आयकरदाते होते. पंजाब आणि आसामपाठोपाठ महाराष्ट्राचा क्रमांक होता, सुमारे १४ टक्के. बातमी मोठी झाली आणि व्हायलाच हवी होती. पण या उत्तरात एकाच दिशेची चूक आहे: ज्यांना मिळायला नको होतं त्यांना मिळालं. ज्यांना मिळायला हवं होतं त्यांना मिळालं नाही, ही दुसऱ्या दिशेची चूक कुठल्याही लाभार्थी यादीतून निघू शकत नाही. लाभार्थी यादीत फक्त लाभार्थी असतात. हे वाक्य बाळबोध वाटेल, पण अख्खे प्रबंध या चुकीवर उभे आहेत.

दोन्ही दिशांनी तपासणं शक्य असतं, आणि त्याचं चांगलं उदाहरण आपल्याकडेच आहे. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीवरचा ‘कॅग’चा २०१३ चा अहवाल काढा आणि निष्कर्षांच्या आधी नमुना निवडीची पद्धत वाचा. लेखापरीक्षकांनी माफी मिळालेली ८०,२९९ खाती तपासली. त्यात ८.५ टक्के प्रकरणांत शेतकरी पात्र नव्हता. पण ते तिथे थांबले नाहीत. नऊ राज्यांत ज्यांनी कर्ज घेतलं होतं पण माफीच्या यादीत नव्हते अशी ९,३३४ खाती वेगळी काढली. त्यातले १,२५७ जण, म्हणजे १३.४६ टक्के, पात्र असून वगळले गेले होते. चुकीने आत आलेल्यांपेक्षा चुकीने बाहेर राहिलेल्यांचा टक्का मोठा निघाला. दोन टक्क्यांचे छेद वेगळे आहेत, म्हणून त्यांची सरळ वजाबाकी करू नका. पण दुसरा नमुना काढलाच नसता तर तो १३.४६ चा आकडा जगात आलाच नसता. दुसरा नमुना शक्य झाला कारण बँकेकडे कर्जदारांची पूर्ण यादी होती. पीएम-किसानमध्ये त्या जागी काय धरणार? आठ-अ ची खाती. तीसुद्धा तलाठ्याकडे अद्ययावत असतील तर.

पोर्टलवर काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. गावाचा डॅशबोर्ड आहे, नोंदणी, आधार, पेमेंट यांच्या संख्या तिथे पाहता येतात, आणि संशोधनासाठी तो यादीपेक्षा नक्कीच जास्त कामाचा आहे. पण ती त्या दिवसाची स्थिती. मागच्या हप्त्याला काय होतं याच्याशी तिची तुलना करायची तर तुम्ही स्वतः तेव्हा नोंद करून ठेवलेली हवी. दुसरी बाजू अशी की प्रत्येक शेतकऱ्याला स्वतःचा नोंदणी क्रमांक टाकून आपली स्थिती बघता येते, आणि तिथे लँड सीडिंग, ई-केवायसी, आधार-बँक जोडणी या तिन्हींपुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ दिसतं. म्हणजे कारण व्यवस्थेत नोंदलेलं आहे. ते गावनिहाय आणि हप्तानिहाय बेरीज करून टाकायला कुठलं नवं सर्वेक्षण लागत नाही, कुणाचं नावही लागत नाही. माझी या यादीवरची खरी तक्रार ही आहे. जे उघड करायला सोपं होतं आणि कुणाच्या खासगीपणाला धक्का न लावता करता आलं असतं, ते झाकलेलं राहिलं, आणि जे उघड करताना दहादा विचार करायला हवा होता ते एका क्लिकवर ठेवलं.

नावांचं काय करायचं?

माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४(१)(ख)(बारा) पाठ करून ठेवा. अनुदान योजनांची अंमलबजावणी कशी होते, किती रक्कम वाटप झाली आणि लाभार्थी कोण, हे सरकारने कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायचं आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. आपल्याकडे तिसरी केली की काम झालं असं धरतात. पहिली, म्हणजे अंमलबजावणीची रीत, ही मागेच राहते.

त्याच वेळी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक जनहित आहे का, हे त्याच कलमात तपासावं लागे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं कारण त्या कलमाला पुरतं. कलम ८(२) मधली जनहिताची वाट शिल्लक आहे, पण ती चढणीची आहे. म्हणजे एकाच कायद्यातलं एक कलम लाभार्थ्यांचा तपशील जाहीर करा म्हणतं आणि दुसरं वैयक्तिक माहिती देऊ नका म्हणतं. पुढच्या काही वर्षांत तुमचे अर्ज याच दोन दगडांच्या मध्ये सापडणार.

युरोपमध्ये हा वाद आधी होऊन गेलाय. तिथल्या शेती अनुदानाचा डेटा माहिती अधिकाराचे अर्ज करून मिळवायचा आणि लोकांपुढे ठेवायचा, यासाठी २००५ मध्ये काही पत्रकारांनी फार्मसबसिडी नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. पुढे युरोपीय संघानेच नावं जाहीर करणं सक्तीचं केलं. त्याविरुद्ध जर्मनीतले शेतकरी न्यायालयात गेले आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने शेके खटल्यात निकाल दिला की रक्कम, कालावधी, वारंवारिता यांचा काही भेद न करता प्रत्येक व्यक्तीचं नाव टाकणं प्रमाणाबाहेरचं आहे. २०१३ मध्ये नवे नियम आले: नावं पुन्हा जाहीर, पण अगदी लहान रकमा घेणाऱ्यांची वगळून.

ही गोष्ट वाचून ‘तिकडे आहे तसं इकडेही हवं’ असं लिहू नका. तिकडे नावाला अर्थ होता कारण रक्कम जमिनीच्या प्रमाणात वाढत जायची. नाव आणि रक्कम शेजारी ठेवली की साखर कंपन्या आणि मोठे जमीनदार किती घेतात हे दिसायचं. पीएम-किसानमध्ये घाटघरच्या एक एकरवाल्याला आणि बागायतदाराला रक्कम सारखीच. इथे नावातून पैशाचं केंद्रीकरण दिसत नाही. नावाचा उपयोग एकच: गावातल्या माणसाने ओळखावं की हा तर सरकारी नोकर, हा तर वारलेला. आणि ती ओळख गावातच होते. ग्रामसभेत यादी मोठ्याने वाचली तर दहा मिनिटांत होईल. अमेरिकेत किंवा मुंबईत बसलेल्या माणसाला त्या नावांचं काही करता येत नाही. ठगांना मात्र येतं. ‘तुमचा हप्ता अडकलाय, लिंक उघडा’ असे मेसेज कुणाला पाठवायचे याची तयार यादीच ती. म्हणून माझं म्हणणं असं की नावं चावडीवर आणि ग्रामसभेत, आणि नेटवर गावनिहाय संख्या, कारणांसकट. काही मित्रांना हे मत पारदर्शकतेच्या विरोधातलं वाटतं. रेशनमध्ये नेटवर टाकलेल्या नावांमुळे गैरव्यवहार सापडले, असं ते म्हणतात. रेशनमध्ये प्रमाण प्रत्येक कार्डाला वेगळं असतं, तिथला युक्तिवाद इथे जसाच्या तसा लावता येत नाही असं मला वाटतं. तुम्ही वाद घाला.

तुम्ही स्वतः मात्र नावं उतरवू नका. २०२३ च्या कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे, कलम १७(२)(ख), पण तिला अटी आहेत, आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीपुढे ‘डेटा उघडच होता’ हे उत्तर चालू नये. घाटघरसारख्या लहान गावात नाव काढून टाकलं तरी ‘विधवा, सामायिक खाते, ई-केवायसी नाही’ एवढ्यावरून कोण ते अख्ख्या गावाला कळतं. एखाद्या गटात पाचापेक्षा कमी माणसं असतील तर तो आकडा तक्त्यात छापू नका, शेजारच्या गावाशी जोडा.

मग मागायचं काय? महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, शुल्क १० रुपये. साधारण असं लिहा: ‘जुन्नर तालुक्यातील पीएम-किसान योजनेची खालील संख्यात्मक माहिती गावनिहाय (एलजीडी कोडसह) व हप्तानिहाय, हप्ता क्रमांक ११ ते १८ साठी, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळावी: एकूण नोंदणी, हप्ता जमा झालेले, हप्ता थांबवलेले, थांबवण्याच्या कारणानुसार संख्या, कारण दूर होऊन पुन्हा सुरू झालेले. कोणत्याही व्यक्तीचे नाव, आधार वा बँक तपशील नको आहे.’ शेवटचं वाक्य विसरू नका, त्याने कलम ८(१)(ञ) चं कारण आधीच संपतं. अर्ज कुठे द्यायचा यात गोंधळ होईल, कारण हे काम महसूलने करायचं की कृषीने यावर राज्यात बराच काळ ओढाताण होती. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) खाली त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तराची मुदत ३० दिवस. तोपर्यंत डॅशबोर्डची नोंद दर हप्त्याच्या आधी आणि नंतर, तारीख घालून, स्वतः ठेवत चला.

आठ-अ च्या खात्यांची संख्या वेगळ्या अर्जाने तलाठ्याकडून घ्या, वारसनोंद प्रलंबित असलेल्या खात्यांसकट. छेद तिथून येईल. २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झालाय आणि तोही जमिनीच्या नोंदीवरच उभा आहे, त्यामुळे हा छेद पुढच्या प्रत्येक योजनेला लागणार.

आणि गावात गेलात तर हिरड्याबद्दल विचारा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याची झाडं मोडली. हिरडा कुणी पेरत नाही, त्यामुळे पीक नुकसानीच्या चौकटीत तो सहज बसत नाही, आणि भरपाईसाठी किसान सभेला पुढची काही वर्षं पाठपुरावा करावा लागला. त्या काळात पीएम-किसानची यादी उघडली असतीत तर या पट्ट्यातल्या गावांपुढे नावं व्यवस्थित दिसली असती, अनुक्रमांकासह.